चिंतेच्या चिठ्ठीवर अँटिसायकोटिक: सुरू करताना, घेताना आणि बंद करताना

चिंतेसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात, चिठ्ठी घेऊन घरी आलात आणि गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं, तर समोर येतं ‘स्किझोफ्रेनियावरील औषध’, म्हणजेच अँटिसायकोटिक. घरात एकच गहजब उडतो. काही जण त्या रात्रीच गोळी कचऱ्यात टाकतात. काही जण मुकाट्याने घेतात आणि दोन-तीन वर्षं घेतच राहतात. नुकसान दोन्हींत आहे. ही गोळी चिंतेवर कधी दिली जाते, सुरू करण्याआधी काय तपासायचं, काय बिघडू शकतं आणि ती थांबवायची कशी, हे पुढे सांगितलं आहे. मात्र डोस ठरवणं, वाढवणं आणि कमी करणं हे डॉक्टरांचंच काम. इथले आकडे डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून दिले आहेत, मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी आणण्यासाठी नाहीत.

आधी चिठ्ठी वाचा

ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. तिथे क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, एरिपिप्राझोल, अमिसल्प्राइड, ट्रायफ्लुओपेराझिन किंवा फ्लुपेन्टिक्सोल यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते अँटिसायकोटिक आहे. भारतात जोडगोळ्या भरपूर मिळतात, उदाहरणार्थ ओलान्झापिनसोबत फ्लुओक्सेटिन किंवा ट्रायफ्लुओपेराझिनसोबत क्लोरडायझेपॉक्साइड. त्यामुळे ‘एकच गोळी आहे’ म्हणजे ‘एकच औषध आहे’ असं धरून चालू नका.

आता घरातल्या बाकीच्या स्ट्रिपाही काढा. चिंता असलेल्या माणसाला पोटाचा त्रास असतोच. फिजिशियनने त्यासाठी दिलेल्या ‘गॅसच्या कॅप्सूल’मध्ये राबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसोबत बऱ्याचदा ७५ मिलिग्रॅम लेव्होसल्पिराइड असतं. हेही डोपामाइन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) अडवणारं, म्हणजे अँटिसायकोटिकांच्याच घराण्यातलं औषध. चक्कर येते म्हणून दिलेलं प्रोक्लोरपेराझिन त्याच जातीचं. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड मेंदूत तेच करतं. मग एका डॉक्टरांकडून रिस्पेरिडोन, दुसऱ्यांकडून लेव्होसल्पिराइड, आणि महिन्याभरात हात थरथरतात, चाल मंदावते, चेहरा निर्विकार दिसू लागतो. दोष एकट्या कुठल्याच चिठ्ठीचा नसतो, दोन्ही चिठ्ठ्या एकत्र कुणी पाहिलेल्या नसतात. म्हणून सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला आणि ती पिशवीच मानसोपचारतज्ज्ञांसमोर ठेवा. नावं तोंडी सांगू नका, ‘ती पिवळी कॅप्सूल’ म्हणून काहीच कळत नाही.

ऑफ-लेबल म्हणजे काय, आणि इथे ते कुठवर रास्त आहे

औषधाला ज्या आजारासाठी अधिकृत मंजुरी आहे त्यापलीकडे ते वापरणं म्हणजे ऑफ-लेबल वापर. वैद्यकात हे रोजचं आहे. प्रश्न एवढाच असतो, की त्यामागे पुरावा किती आहे.

सर्वांत जास्त अभ्यास क्वेटियापिनचा झाला आहे. सतत, सगळ्याच गोष्टींची काळजी वाटत राहण्याच्या आजारात, म्हणजे जनरलाइज्ड अँग्झायटीत, त्याच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळीच्या मोठ्या चाचण्या झाल्या. ५० ते १५० मिलिग्रॅममध्ये गुण दिसला, ३०० मिलिग्रॅमने त्याहून जास्त काही पदरात पडलं नाही. पण सुस्ती आणि वजनामुळे औषध सोडून देणारेही पुष्कळ निघाले. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, म्हणजे एफडीएच्या, सल्लागार समितीपुढे हा विषय आला. चिंतेसाठी मंजुरी मिळाली नाही, आणि अडचण परिणामाची नव्हती, सुरक्षिततेची होती. चिंता ही वर्षानुवर्षं चालणारी तक्रार, आणि तेवढा काळ चयापचय बिघडवणारी गोळी इतक्या लोकांना द्यायची का, असा तो प्रश्न होता. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत तर स्पष्ट म्हटलं आहे, की या आजारासाठी जनरल प्रॅक्टिसच्या पातळीवर अँटिसायकोटिक देऊ नये.

जुन्या औषधांपैकी ट्रायफ्लुओपेराझिनला अमेरिकेत चिंतेसाठी मंजुरी आहे, पण दिवसाला ६ मिलिग्रॅम आणि १२ आठवडे यांपलीकडे जाऊ नका अशी अट घालून. कारण पुढे ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’च्या भागात येईल. आपल्याकडे ही गोळी जोडगोळीच्या रूपात वर्षानुवर्षं रिपीट होत राहते आणि ती अट कुणाच्या गावी नसते. फ्लुपेन्टिक्सोल आणि मेलिट्रासेन यांच्या जोडगोळीची विक्री केंद्र सरकारने जून २०१३ मध्ये थांबवली होती. परदेशातला नातेवाईक ‘तिकडे सगळे घेतात’ म्हणून ती घेऊन आला, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

ओसीडीची, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या आजाराची, गोष्ट निराळी आहे. हल्ली तो चिंताविकारांच्या यादीत धरत नाहीत, पण पेशंट त्याच ओपीडीत येतो. एसएसआरआय गटाची (चिंता-नैराश्यावर नेहमी दिली जाणारी, उदाहरणार्थ एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन) गोळी पुरेशा डोसमध्ये किमान १२ आठवडे घेऊनही विचार आणि कृतींचं चक्र सुटत नसेल, तर तिच्या जोडीला कमी डोसमध्ये रिस्पेरिडोन किंवा एरिपिप्राझोल देण्याला बरा आधार आहे. तरीही गुण येतो तो साधारण तिघांतल्या एकाला. उरलेल्या दोघांची गोळी पुढे चालू का ठेवली आहे, हे विचारायलाच हवं.

सुरू करण्याआधीचे प्रश्न

पहिला प्रश्न अँटिसायकोटिकचा नाहीच. आधीची औषधं नीट वापरून पाहिली का, हा आहे. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅमवर तीन आठवडे घेऊन ‘लागू पडत नाही’ म्हणणं ही खरी परीक्षा नव्हे. ही औषधं चार ते सहा आठवड्यांनी बोलायला लागतात आणि अनेकांना १५–२० मिलिग्रॅम लागतात. सर्ट्रालिनचा पल्ला ५० ते २०० मिलिग्रॅमचा आहे. निदान दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, आठेक आठवडे घेतली का? सीबीटीची (विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या, बोलून करायच्या उपचाराची) १२–१५ सत्रं झाली का, की ‘समुपदेशन’ म्हणून दोनदा गप्पा झाल्या? थायरॉइडची टीएसएच आणि हिमोग्लोबिन पाहिलं का? दिवसाकाठी सहा कप चहा आणि रात्री बारापर्यंत मोबाइल चालू असेल, तर कुठलीच गोळी पुरी पडणार नाही.

हे सगळं झालेलं असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं फाइलवर लिहून घ्या. ही गोळी नेमकी कशासाठी: झोपेसाठी, बेचैनीसाठी, की मूळ औषधाला जोड म्हणून? गुण आला की नाही, ते कधी ठरवायचं? आणि बंद कधी करायची? बंद करण्याची अंदाजे तारीख पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर असावी, असं आमचं ठाम मत आहे. चिंतेसाठी दिलेली अँटिसायकोटिक वर्षभर कुणी मुद्दाम ठरवून चालवत नाही. थांबवायचं कुणी ठरवलेलंच नसतं, म्हणून ती चालत राहते.

हे आधीच सांगून टाका: घरात कुणाला मधुमेह आहे का, हृदयविकार किंवा फिट्स आहेत का, गरोदर आहात का, स्तनपान चालू आहे का, दारू किती. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा कडक इशारा एफडीएने २००५ मध्ये नव्या आणि २००८ मध्ये जुन्या अँटिसायकोटिकांना लावला. आजोबा ‘रात्री अस्वस्थ होतात’ म्हणून नातवाच्या स्ट्रिपमधली अर्धी गोळी त्यांना देणं हा जिवाशी खेळ आहे.

पायाभूत मोजमाप

गोळी सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात एवढं करून घ्या: वजन, बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर, बीपी, उपाशीपोटी शुगर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी), लिपिड प्रोफाइल. हृदयाचा त्रास असेल, वय जास्त असेल किंवा क्यूटी (ईसीजीवर मोजला जाणारा हृदयाच्या ठोक्यातला एक काळ) लांबवणारी दुसरी औषधं चालू असतील, तर ईसीजीही. एस्सिटालोप्रामही त्याच यादीत येतं, म्हणून डॉक्टरांना आठवण करून द्या.

पुढचं वेळापत्रक असं. वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, मग दर तीन महिन्यांनी. बीपी, शुगर आणि लिपिड १२ आठवड्यांनी. गोळी त्यापुढेही चालली तर बीपी, शुगर आणि घेर दरवर्षी. भारतीयांसाठी घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर आहे, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच जास्त धरतात. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं वजन ६३ झालं, की औषध बदलण्याची चर्चा करायची वेळ आली. ‘आणखी महिनाभर बघू’ म्हणू नका. ओलान्झापिनवर पहिल्या काही आठवड्यांत वजन किती पळतं, त्यावरून पुढचा अंदाज बराचसा बांधता येतो. रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडला जातो तो इच्छाशक्ती कमी पडते म्हणून नव्हे. भूक खरोखर वाढलेली असते. डबा घरात न ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

चिंतेचंही मोजमाप हवं. जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. सुरू करण्याच्या दिवशीचा आकडा वहीत लिहा, मग दर दोन आठवड्यांनी. सहा-आठ आठवड्यांत आकडा निम्म्याच्या आसपास आला नाही, तर गोळीने आपलं काम केलेलं नाही.

इथेच सर्वांत मोठी फसगत होते. क्वेटियापिन २५–५० मिलिग्रॅममध्ये मुख्यतः हिस्टामिन अडवतं, म्हणजे जुन्या सर्दीच्या गोळ्यांसारखी झोप आणतं. डोपामाइनवर त्याचा खरा जोर त्याच्या कितीतरी वरच्या डोसला दिसतो. पहिल्याच रात्री गाढ झोप लागते आणि सकाळी पेशंट म्हणतो, ‘गोळी लागू पडली.’ झोप लागली हे खरं, पण बसमध्ये चढताना छातीत होणारी कालवाकालव तशीच असू शकते. म्हणून वहीत झोपेचे तास आणि जीएडी-७ वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. आकडा जागेवर आणि झोप वाढलेली, असं दिसलं तर आपण झोपेची गोळी घेतो आहोत, आणि त्यासाठी यापेक्षा कमी जोखमीचे मार्ग आहेत.

रोजचं घेणं

चिंतेसाठी सहसा अगदी लहान डोसने सुरुवात होते: क्वेटियापिन २५ मिलिग्रॅम रात्री, ओलान्झापिन २.५, रिस्पेरिडोन ०.५, एरिपिप्राझोल २ ते २.५. चिठ्ठीवरचा आकडा याच्या चौपट असेल, तर चूक काढायला नव्हे, पण कारण विचारायला हरकत नाही.

क्वेटियापिनच्या दोन जाती आहेत. साधी गोळी झोपायच्या थोडी आधी घ्यायची. सावकाश विरघळणारी, नावापुढे एसआर किंवा एक्सआर असलेली, तीन-चार तास आधी, रिकाम्या पोटी किंवा हलकं खाऊन. ती कापू, कुटू किंवा चावू नका. चोवीस तासांचा डोस एकदम सुटतो. भरपेट जेवणावर घेतली तरी औषध एरवीपेक्षा जास्त रक्तात उतरतं. एक्सआर रात्री अकराला घेतली, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड राहतं आणि दोष ‘गोळी झेपत नाही’ यावर जातो. चूक वेळेची असते. एरिपिप्राझोल मात्र बहुधा सकाळी, कारण अनेकांची त्याने झोप उडते.

गोळी विसरलात आणि पहाटे दोनला आठवलं, तर त्या दिवशीची सोडून द्या. दुसऱ्या रात्री दोन घेऊ नका. पहिले काही दिवस, आणि प्रत्येक डोसवाढीनंतर, दुचाकी चालवू नका. रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा आणि मग उभे राहा. बीपी एकदम उतरून बाथरूमच्या दारात पडणं ही वयस्कांची नेहमीची कहाणी आहे. या गोळ्या चालू असताना दारू आणि अल्प्राझोलाम (चिंतेवरची गुंगी आणणारी गोळी) एकत्र तर नकोच नको.

दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या झटापटींपैकी चार लक्षात ठेवा. क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचं केटोकोनाझोल क्वेटियापिनची रक्तातली पातळी खूप वाढवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरचं कार्बामाझेपिन ती जवळजवळ संपवतात. फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन रिस्पेरिडोन व एरिपिप्राझोलचा जोर वाढवतात. आणि ओलान्झापिन घेणाऱ्याने सिगारेट किंवा बिडी एकदम सोडली, तर औषध शरीरात साचू लागतं. सोडा, जरूर सोडा, पण डॉक्टरांना कळवून.

विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी उन्हाळ्यात जास्त जपावं. ही औषधं शरीराची उष्णता सांभाळण्याची यंत्रणा ढिली करतात. सोबत थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल, तर घामही कमी येतो. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत दुपारी शेतात किंवा साइटवर काम करणाऱ्याला उष्माघात लवकर गाठतो. पाणी, टोपी, आणि शक्य तिथे कामाची वेळ बदला.

बिघडतं ते कसं ओळखायचं

अकाथिसिया हे नाव घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही दिवसांत ते उमटतं. माणूस एका जागी बसू शकत नाही, खुर्चीवर पाय सतत हलतात, उभा राहिला तर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, जेवतानाही मध्येच उठून येरझाऱ्या घालतो. ‘आत काहीतरी उकळतंय,’ म्हणतो. बाहेरून हे हुबेहूब वाढलेल्या चिंतेसारखं दिसतं. घरचे डॉक्टरांना सांगतात, ‘चिंता वाढली,’ डोस वाढतो आणि आग आणखी भडकते. एरिपिप्राझोल आणि रिस्पेरिडोनवर हे जास्त दिसतं, क्वेटियापिनवर कमी. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: ‘बेचैनी डोक्यातल्या विचारांची आहे, की पायांतली?’ विचार शांत आहेत आणि पाय बसू देत नाहीत, असं उत्तर आलं तर त्याच दिवशी फोन करा. उपाय आहे: डोस कमी करणं, औषध बदलणं, किंवा प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध देणं. याकडे दुर्लक्ष झालं तर माणूस अगतिक होतो, आणि आत्महत्येचे विचारही या अवस्थेत येतात.

पहिल्या काही दिवसांत, तरुणांमध्ये विशेषतः, मान एका बाजूला वळून अडकते, जबडा आवळतो, डोळे वर फिरतात. याला डिस्टोनिया म्हणतात. कुणी ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा आणायच्या आधी जवळच्या हॉस्पिटलात न्या. योग्य इंजेक्शनने बहुतेकदा अर्ध्या तासात सुटतं.

पाळी चुकणं, स्तनांतून स्राव, कामेच्छा मावळणं ही प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढल्याची चिन्हं. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड आणि ती गॅसची कॅप्सूल यांवर पहिला संशय घ्या. लाजून सहा महिने गप्प बसणारे पुष्कळ असतात.

टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणजे ओठ चघळल्यासारखे हलणं, जीभ वळवळणं, डोळे मिचकावणं, सगळं नकळत. काही महिने ते वर्षांनी येतं आणि गोळी थांबवल्यावरही काहींमध्ये राहून जातं. वयस्क बायकांना धोका जास्त. दर सहा महिन्यांनी आरशासमोर तोंड उघडून जीभ आत सैल ठेवा आणि ती स्थिर राहते का ते घरच्या कुणाला तरी बघू द्या. शंका आली की लगेच डॉक्टर.

जास्त ताप, लाकडासारखं ताठ अंग, गोंधळलेलं बोलणं, घाम आणि वेगाने धावणारी नाडी असं एकत्र दिसलं, तर ती इमर्जन्सी आहे. पुढची गोळी देऊ नका आणि पेशंटला थेट कॅज्युअल्टीत न्या, स्ट्रिप सोबत घेऊन. रात्री-अपरात्री मनाचा बांध सुटतोय असं वाटलं आणि डॉक्टर फोनवर मिळत नसतील, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

थांबवायचं कसं

बरं वाटलं म्हणून एका रात्रीत सोडू नका. क्वेटियापिन अचानक थांबलं तर दोन-चार रात्री झोप उडते, मळमळतं, धडधडतं. मग पेशंटला वाटतं, आजार परतला, आणि गोळी कायमची चिकटते. हा त्रास सोडल्यापासून एक-दोन दिवसांत सुरू होऊन आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. मूळ चिंता परतते ती सहसा आठवड्यांनी, हळूहळू, आणि जुन्याच विषयांवर. वहीतले आकडे इथे कामाला येतात.

डॉक्टर सहसा दर एक-दोन आठवड्यांनी पायरी उतरवतात. १०० मिलिग्रॅमवर असाल तर ७५, ५०, २५ आणि मग साधी २५ ची गोळी कापून १२.५. शेवटची पायरी सर्वांत कठीण वाटते, तिला जास्त वेळ द्या. एक्सआर कापता येत नाही, म्हणून आधी साध्या गोळीवर यावं लागतं. एरिपिप्राझोल शरीरात रेंगाळतं, त्याचे परिणाम उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. मूळची एसएसआरआय या काळात तशीच चालू ठेवायची. दोन औषधं एकाच वेळी उतरवली, तर त्रास कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही. गोळी उतरवण्यासाठी परीक्षा, लग्नसराई, बाळंतपण असे महिने टाळा. गरोदरपण कळलं म्हणून मात्र मनाने एकदम बंद करू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

बंद झाल्यावर जुनी चिठ्ठी फाइलमध्ये ‘बंद’ असं तारखेसह लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी मेडिकलवाला तीच रिपीट करतो. उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका, झोप न येणाऱ्या काकूंनाही देऊ नका.